गाण्याच्या मधोमध आमीन

पेरिझातची कंबर आधी वाकायची आणि विचार मागून यायचा. आजीकडे वाढलेली पोर ती. वडीलधारं माणूस समोर आलं की हातातलं काम सोडायचं, वाकायचं, आणि त्यांचा आशीर्वाद पुरा होईस्तोवर जागचं हलायचं नाही, ही आजीची शिकवण. ती इतकी अंगात भिनली होती की लग्नाच्या पहिल्या वर्षी पेरिझातनं पोस्टातल्या भिंतीवरच्या कुणा दाढीवाल्याच्या फोटोलाही वाकून नमस्कार केला. सासूनं, सायरा-अपानं, ते पाहिलं आणि पुढं वर्षभर गावाला ऐकवलं. "माझी सून फोटोलासुद्धा सोडत नाही. आता तो आशीर्वाद देतो की काय म्हणून मीपण आपली थांबले तिथं."

तर अशी ही बाई रॉक बँडमध्ये गायची.

गायची म्हणजे, सुरुवात अशी करायची की पाळण्यातलं पोर डोळे मिटेल, आणि मग मधेच अशी काही उसळायची की ते पोर, त्याची आई आणि शेजारची गाय, तिघं एकदम उठून उभी राहतील. दिवसा ती बालवाडीत बदकांची आणि गाजरांची गाणी शिकवायची. संध्याकाळी गळ्यात बेस गिटार अडकवली की बदकं आणि गाजरं कुठल्या कुठं पळायची. गिटारवर तिचा नवरा कुबात. तो एरवी किर्गिझस्तानातल्या इसिक-कुल तळ्याच्या दक्षिण काठावरच्या गावागावांतून लग्नांना स्पीकर लावत हिंडायचा आणि प्रत्येक लग्नात कुठला तरी स्पीकर नीट वाजत नाही म्हणून नवरामुलगा सोडून स्पीकरकडेच बघत बसायचा. ड्रमवर कुबातचा चुलतभाऊ अदिल, जर्दाळूच्या बागेत काम करणारा, दांडगा, हसरा आणि उतावीळ. गाण्याचं धृपद जवळ आलं की तो हटकून जरा घाई करायचा, घर दिसल्यावर घोडा करतो तशी.

बँडचं नाव 'चोलोक'. सायरा-अपाच्या शेपूटतुटक्या कुत्र्याचं नाव तेच. हा मान कुत्र्याला का, असं कुणी विचारलं तर अदिल सांगायचा, "पहिल्या तालमीला सगळे उठून गेले, तो एकटा बसून राहिला."

लग्नांत ही तिघं दुसऱ्यांची गाणी वाजवायची, कारण लोकांना नाचायचं असे. स्वतःची गाणी शेवटी, पाहुणे गाड्या शोधत असताना. अशी वर्षं गेली. पेरिझातनं कधी तक्रार केली नाही, तिला ती करताच येत नसे. पण त्या उन्हाळ्यात अदिलला कोरियातल्या कारखान्याचा व्हिसा आला, आणि तो आता काही वर्षं परतणार नाही हे कळल्यावर तिनं जेवताना भाकरी खाली ठेवली आणि म्हणाली, "तो जायच्या आत अल्बम करायचा. तिघांचा. आपल्याच गाण्यांचा."

कुबात म्हणाला, "दुसरा ड्रमवाला मिळेल की नंतर. घाईत केलेलं काम..."

"तिघांचा," पेरिझात म्हणाली. एवढंच. पण सायरा-अपानं मुलाकडं बघून भुवया उडवल्या, कारण सुनेनं एक शब्द दोनदा बोललेला तिनं पहिल्यांदाच ऐकला होता.

काराकोलमध्ये एक स्टुडिओ होता. कुबातनं फोन केला तर स्टुडिओवाला बापाच्या घोड्या घेऊन वर उन्हाळी कुरणात गेलेला. फोनमधून वाऱ्याचाच आवाज जास्त. "काय? अल्बम? करू की. गवत संपलं की येतो खाली." गवत संपेपर्यंत अदिल कोरियात पोचून भात खायला लागला असता. तेव्हा कुबातनं घरच्या अंगणातल्या युर्तीत, काठ्यांवर नमदे ताणलेल्या गोल तंबूत, जाऊन एक टाळी वाजवली. ती टाळी भिंतींच्या लोकरी नमद्यात शिरली आणि परत आलीच नाही. मग तो जमिनीवरच्या गालिचावर बसला, पुन्हा एक वाजवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवं बाळ बघितल्यासारखं हसू आलं.

"अपा, ही युर्त आम्हाला हवी."

"पाहुण्यांची आहे ती."

"पाहुणे आले तर आम्ही उठू."

हे वाक्य कुबातला पुढं फार महागात पडलं.

लग्नांतले माइक आणले, काही उसने आणले, तरी कमीच पडले. म्हणून ठरलं, वेगवेगळं नाही, तिघांनी एकदमच वाजवायचं. त्यामुळं अदिलचे ड्रम पेरिझातच्या माइकात शिरायचे, तिचा आवाज ड्रमच्या माइकात, आणि सगळं मिळून एकच रसायन व्हायचं, ज्यातून नंतर मीठ वेगळं काढता येत नाही. एक चुकला की गाणं पहिल्यापासून.

आणि चुकायला तिघांची गरजच नव्हती, गाव होतं.

पहिल्याच गाण्याच्या ऐन भरात शेजारीण आत आली. "माझं वासरू इकडं आलंय का?"

"नाही," कुबात दातांतून म्हणाला.

"मग ओरडत कोण होतं?"

"मी," पेरिझात म्हणाली.

शेजारणीनं तिला नीट न्याहाळलं. "बरं. गरम दुधात लोणी टाकून घे हो." आणि बसली.

दुसऱ्या दिवशी अदिलचे मामा, ड्रम किती वजनाचे ते बघायला. मग बालवाडीतल्या पोरांच्या आया, बाई आजारी आहेत का ते बघायला. कुबातनं शेवटी आईपुढं हात जोडले. "अपा, दार लावून घेऊ या ना थोडा वेळ."

सायरा-अपानं चहाची किटली तशीच हवेत धरली. "युर्तीचं दार? दिवसाढवळ्या? लोक म्हणतील, या घरात कोणीतरी गेलं, नाहीतर मांस शिजवून एकटेच खातायत. मला दोन्ही नको."

"मग तुम्ही बाहेर बसा. कुणाला आत सोडू नका."

ती बसली. अगदी मनापासून बसली. तिची ती पहारेदारी आजही तिसऱ्या गाण्यात मागं बारीक ऐकू येते. "आत जाऊ नका हो, रेकॉर्डिंग चाललंय. काय? रे-कॉर्-डिंग. गाणं कोंडतात डब्यात. बसा ना तुम्ही. चहा घेता? घोटभर घ्या. उभ्यानं कसं जायचं. अगं पेरिझात, साय कुठं ठेवलीस?"

तरी रडतखडत गाणी होत गेली. अदिल निघायचा दिवस उजाडला तेव्हा एकच राहिलं होतं, आणि तेच मोठं. 'तळ्याखालचं गाव'. अल्बमचं नावही तेच ठेवायचं होतं. तळ्यात बुडालेल्या गावात अजून दिवे लागतात, भाकरी भाजतात, अशी पेरिझातची ती कल्पना. गाणं चढत चढत जातं आणि वर पोचल्यावर सगळं एकदम थांबतं. गिटार नाही, ड्रम नाही. पाणी डोक्यावरून मिटल्यासारखी शांतता. मग एकटी पेरिझात एक ओळ हळू म्हणते आणि तिघं मिळून शेवटचं धृपद फोडतात.

दुपारी अदिलला बिश्केकच्या विमानतळावर नेणारी गाडी यायची होती. सकाळपासून ते गाणं पाचसहा वेळा मोडलं. कधी तार, कधी कुत्रा, कधी कुबातचा स्वतःचा चेहरा, कारण वाजवताना स्वतःचीच चूक ऐकून तो मान तिरकी करून असा कळवळायचा की बाकीचे दोघं थांबायचे. मग एकदा ते लागलं. लागलं म्हणजे असं की अदिलच्या गालावरून घाम ओघळत होता आणि तो हसत होता, आणि पेरिझात डोळे मिटून कुठं तरी खूप खोल गेली होती.

बाहेर काल्दार आबा उभे होते.

काल्दार आबा म्हणजे गावाचे आशीर्वादवाले. पांढरी नमद्याची टोपी, पांढरी दाढी, कानानं अर्धे. लग्न असो, बारसं असो, नवा ट्रॅक्टर असो, शब्द त्यांचा. त्यांचा आशीर्वाद सुरू झाला की मांडी घालून बसलेल्यांचे पाय आधी झोपायचे. ते आले होते अदिलला वाटेचा आशीर्वाद द्यायला. आत गाणं चाललंय म्हटल्यावर ते थांबले. माणूस मर्यादेचा. दुसऱ्याचं काम पुरं होऊ द्यावं, मग पाय टाकावा. सायरा-अपा नेमकी साय आणायला घरात गेली होती. आबा वाट बघत राहिले. आणि सगळं एकदम शांत झालं तेव्हा त्यांना वाटलं, संपलं. त्यांनी दारावरचा पडदा उचलला आणि आत आले.

पेरिझातनं डोळे उघडले तर समोर पांढरी दाढी. कुबात भुवयांनी, नाकानं, गिटारच्या दांड्यानं सांगत होता, नको, नको, नको. तिला ते दिसलं. पण कंबर केव्हाच निघाली होती. बेस गिटार पोटाशी धरून ती खाली वाकली.

न वाकती तर आबा गुपचूप कोपऱ्यात बसले असते. पण सून वाकल्यावर आशीर्वाद न देणं त्यांच्या हातात नव्हतं. आणि स्वतःला ऐकू यायला हवं म्हणून ते बोलायचे मोठ्यांदा. त्यांनी तळवे उघडले.

"जगत राहा पोरी. चुलीचा धूर थांबू नये. पुढं लेकरं चालावीत, मागं वासरं चालावीत. जाणाऱ्याची वाट पांढरीशुभ्र होवो. राहणाऱ्याच्या दारात पाहुण्याचा घोडा बांधायला खुंटा असो. आमीन."

आमीन म्हटल्यावर हात वर न्यायचे नाहीत, असा माणूस त्या गावात जन्मलेला नाही. अदिलच्या काठ्या ड्रमवर पडल्या, टप् टप्. कुबातनंसुद्धा, भुवया अजून वरच असताना, तारांवरचे हात उचलले. तिघांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मग अदिलनं काठ्या उचलल्या, एकमेकींवर वाजवून चार मोजले, आणि तिघं असे सुटले की युर्तीच्या काठ्या हलल्या. पेरिझात तशी आधी कधी गायली नव्हती.

शेवटचा सूर विरला तेव्हा आबा म्हणाले, "आवाज मोठा आहे. चहा आहे का?"

पुन्हा घ्यायला वेळ उरला नव्हता. चहा झाला, अदिलनं भाकरीचा घास तोडला, त्याच्या आईनं उरलेली भाकरी तो परत येईपर्यंत टांगायला म्हणून रुमालात बांधली, गाडीनं हॉर्न दिला आणि अदिल गेला.

त्यानंतर कुबात त्या गाण्यापुढं बसला तो बसलाच. आधी त्यानं आशीर्वाद कापून काढला. कापल्यावर शेवटचं धृपद असं धडपडत आलं, जणू कुणी त्याला मागून ढकललंय. आशीर्वादाआधीची गती वेगळी, नंतरची वेगळी. मग त्यानं नुसती शांतता ठेवली, तर तीत अदिलच्या काठ्यांचं टप् टप् आणि तीन माणसांचे श्वास. बिश्केकच्या एका ओळखीच्याला विचारलं. तो फोनवर शहरी गंभीर आवाजात म्हणाला, "दोस्ता, सरळ मशीनचे ड्रम टाक. स्वच्छ. आणि बाकी दोघं नव्यानं वाजवा."

टाकले. स्वच्छच होते. पेरिझातनं ऐकलं आणि म्हणाली, "अदिल मेल्यासारखा वाटतो."

"लोक हसतील गं. बुडालेलं गाव, शांतता, आणि एकदम 'मागं वासरं चालावीत'. कुठल्या रॉक अल्बममध्ये वासरं असतात?"

"चूक माझी. मी वाकले."

"तुझी चूक म्हणून मी अल्बमची वाट लावू का?"

पेरिझात त्या दिवशी बालवाडीत बदकाच्या गाण्यात दोनदा चुकली. तिला अल्बम हवा होता तो एवढ्याचसाठी की तिघांचं एकत्र काही तरी राहावं, आणि मोठ्या गाण्यात नेमका तिसरा गळत होता, तोही तिच्या कमरेमुळं.

कुबातनं शेवटी एक युक्ती काढली. "आशीर्वाद म्हणजे आबांचा शब्द. त्यांना न विचारता गिटारींच्या मधे घालता येणार नाही. विचारू या. ते नको म्हणाले तर मशीन." आबा नकोच म्हणतील, याची त्याला खात्री होती.

आबांना अंगणात गालिचावर बसवलं, टोपी काढून कानाला हेडफोन लावले. ते ऐकताना हलले नाहीत. आमीनला त्यांनी सवयीनं तळवे फिरवले, हेडफोन घसरले, सायरा-अपानं परत लावले. गाणं संपलं.

"हा मी?" आबा म्हणाले.

"हो, आबा."

"नाही जमलेला."

"म्हणजे?"

"गवताचं राहिलं. पोरी, लेकरं चालली, वासरं चालली, पण खातील काय? गवताशिवाय कसला आशीर्वाद. मी तेव्हा त्या मोठ्या परातीसारख्या वस्तूकडं बघत होतो, त्यात चुकलो. परत घ्या."

कुबातचा जबडा खाली आला. पण आबांपुढं त्याचंही काही चालायचं नाही. माइक आणला. आबांनी दाढी विंचरली, घसा साफ केला, आणि असा आवाज लावला की जणू समोर सगळं किर्गिझस्तान मांडी घालून बसलंय. "जग... त राहा पो... री."

"छान, आबा," कुबात म्हणाला.

"कसलं छान. आमीन पातळ झाला. परत."

दुसऱ्यांदा गवत आलं, धूर राहिला. तिसऱ्यांदा सगळं आलं, पण मधे कोंबडा आरवला आणि आबा कोंबड्यावर चिडले. चौथ्यांदा त्यांनी आशीर्वादात कोंबडाच घातला. सायरा-अपा तोंडाला डोईच्या रुमालाचं टोक लावून हसत होती. पाचव्यांदा आबा म्हणाले, "आधीचा बरा होता की हा? नको, सांगू नकोस. अजून एकदा." त्यांचा चेहरा कळवळलेला, कपाळावर तीन आठ्या, आणि मान जराशी तिरकी. ही मान घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची होती. कुबातला ती ओळखायला जरा वेळ लागला. ओळखली तेव्हा तो आपली मान सरळ करून बसला.

मग त्यानं हळूच पहिलं रेकॉर्डिंग लावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गाणं चढलं, थांबलं, आबा आत आले, बोलले, टप् टप्, अदिलचे चार ठोके, आणि शेवटच्या धृपदाचा पूर.

"ठीक आहे," कुबात म्हणाला. "आशीर्वाद ठेवू. आबांचा नवा घालू, गवतवाला. आणि माझी एक तार तिथं जरा..."

"नाही," पेरिझात म्हणाली.

सायरा-अपानं किटली खाली ठेवली.

"नवा आशीर्वाद नाही. तुझी तार नाही. मशीन नाही. आबा, माफ करा, गवताचं राहिलं ते राहू दे. ते जसं झालं तसंच जाईल."

उभ्या जन्मात तिनं एवढे 'नाही' एका दमात म्हटले नव्हते, तेही एका म्हाताऱ्याच्या तोंडावर. आबा तिच्याकडं बघत राहिले. काय करावं ते तिला सुचेना. मग कमरेनंच ठरवलं. ती वाकली.

वाकल्यावर आबांचा काय इलाज. रुसवा बाजूला ठेवून त्यांनी तळवे उघडले, आणि काही न ठरवता, न विंचरता बोलून गेले. लेकरं, वासरं, धूर, खुंटा, गुडघ्याएवढं गवत, आणि वर "जिचा शब्द एक, तिच्या घरात भांडण नको." आमीन झालं.

"हे घेतलं का डब्यात?" आबांनी विचारलं.

"नाही आबा," कुबात म्हणाला. "बंद होतं."

"बघ. हाच जमला होता."

अल्बम निघाला तेव्हा जर्दाळू वाळवून झाले होते. इंटरनेटवर टाकला, गाडीत वाजवायला म्हणून पेनड्राइव्हवर भरून वाटला, आणि गावच्या सांस्कृतिक भवनात लाकडी बाकांवर बसवून गावाला ऐकवला. शेजारणीनं पहिलं गाणं ऐकून शेजारच्यांना सांगितलं, "हे वासराचं आहे." काराकोलच्या रेडिओवर एका बाईंनी तोंडात साखर धरल्यासारख्या आवाजात विचारलं, "परंपरा आणि आधुनिकता यांचा हा जो संवाद तुम्ही साधलात, तो कसा सुचला?" कुबात खोकला आणि म्हणाला, "फार विचार करून." त्या दिवशी सायरा-अपानं त्याला जेवताना तळलेल्या पिठाचे गोळे पुढं करत चारदा विचारलं, "बोरसोक घेतोस, की फार विचार करून सांगतोस?"

काल्दार आबा लग्नांत हल्ली आशीर्वादाआधी सांगतात की आपला अल्बम आलाय, त्यात गवताचं राहिलंय, ते इथं पुरं ऐका.

अदिलचा फोन आला तो रविवारी, त्याच्या सुट्टीला. मागं कारखान्याच्या खानावळीचा गलका.

"वहिनी, ऐकला. इथं आपले चौघंजण आहेत, नारीनचे, ओशचे. आबा आमीन म्हणाले आणि चौघांनी चमचे खाली ठेवून हात वर केले. आमचा कोरियन मुकादम विचारतो, भाजीत काय पडलं?"

पेरिझात हसली. मग त्यानं विचारलं, "कुबातदादानं माझे ड्रम बदललेत का गं काही? खरं सांग. शेवटी मी घाई केली होती, मला माहितीय. दुरुस्त केलं असेल तर मला राग नाही."

"काही बदललं नाही," ती म्हणाली. "तुझी घाई जशीच्या तशी आहे."

खानावळीच्या गलक्यातून अदिलनं कुणाला तरी सांगितल्याचं ऐकू आलं, "अरे, परत लाव. पहिल्यापासून लाव."